हुकुमाची पाठ

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत राजे आहेत, परंतु ते केवळ कागदावर आहेत. झुंज आहे, परंतु ती ओलसर टिपकागद आणि जाड मांजरपाट यांच्यामधली आहे. एका सुनेने सासऱ्याच्या हातचे काम सासऱ्याच्याच डोळ्यांदेखत कसे उसवले, आणि तसे करूनही त्या घरात दोन चुली कशा झाल्या नाहीत, ही हकीकत यथामती आणि तिखटमीठ न लावता येथे निवेदन करण्यात येत आहे. चित्त देऊन वाचावी.

जुन्या सरकारी कागदपत्रांची जी कचेरी असते, तशा एका कचेरीत, जिन्याच्या डाव्या अंगाच्या लांबट खोलीत, फारसी कागद वाचण्याच्या कामावर एक बाई होत्या. त्यांना सर्वजण फारसीबाई म्हणत. वय पन्नाशीच्या पलीकडचे, चष्मा सदैव कपाळावर चढवलेला, आणि आवाज असा खणखणीत की शेजारच्या खोलीतल्या माणसाने दचकून लेखणी खाली ठेवावी. ज्या काळी त्या मुलखाचा कारभार फारसीतून चाले, त्या काळचे हुकूम, वसुलीचे तक्ते आणि मोजणीची बाडे बाईंच्या टेबलावर येत. कोणत्या गावाने कोणत्या साली किती धान्य सरकारात भरले, हे त्या अशा ठसक्यात सांगत की जणू काल सायंकाळी त्या गावाच्या कोठारावरूनच परतल्या आहेत. इतर विद्वान फारसीकडे वळतात ते काव्याच्या ओढीने. बाई म्हणत, "गझल मलाही आवडते हो. पण गझलेनं कुणाचा सारा माफ झालेला असेल तर मला दाखवा!"

या सारामाफीवरच बाईंचा ग्रंथ बेतलेला होता. फार पूर्वी त्या मुलखातील नदीला महापूर आला. काठची शेते गाळाखाली गेली, आणि तेव्हाच्या सुभेदाराने गावोगावी सारामाफीचे हुकूम काढले. हे हुकूम कचेरीत सुखरूप होते. अक्षर मोत्यासारखे, भाषा तर अशी की दयेचा सागर, कृपेची छाया, एकही अलंकार मागे राहू नये. मोठमोठ्या इतिहासकारांचे मत असे होते की ही सगळी तोंडची वाफ; हुकूम निघाले, अंमल झालाच नाही. बाईंचे मत नेमके उलटे. माफी खरी होती आणि ती पुराच्या सालीच मिळाली, असे त्यांनी एक अख्खे प्रकरण लिहून ठामपणे मांडले होते. पुरावा मात्र तोकडा होता, आणि ते त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते.

अशात वरून आदेश आला की कचेरीतील नाजूक कागदांची छायाचित्रे काढावीत, आणि मूळ कागद दूरच्या एका थंड तळघरात कायमचे ठेवण्यासाठी रवाना करावेत. एकदा तेथे गेलेला कागद पुन्हा कुणाच्या हाती पडत नसे. ज्याला वाचायचे त्याने छायाचित्र वाचावे. आठवड्याच्या अखेरीस गाडी यायची होती.

पुराच्या हुकुमांची छायाचित्रे निघत असता बाईंनी एक हुकूम खिडकीच्या उजेडात उभा धरला. कुठे छिद्र पडले आहे काय, एवढेच पाहायचे होते. पाहतात तो अक्षरांच्या मागे आणखी अक्षरे! तिरकी, घाईची, उलट दिशेला धावणारी. आणि कोपऱ्यात एक गोल सावली, म्हणजे शिक्काच. बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. हुकुमाच्या पाठीवर लिहिलेले होते, आणि त्यावर मजबुतीसाठी जाड मांजरपाट, म्हणजे कोऱ्या सुताचे कापड, चिकटवलेला होता. एका हुकुमाला नव्हे, सगळ्यांना.

त्या काळच्या कारभाराची रीत येथे सांगणे अवश्य आहे. सुभेदाराचा शिक्का पडला म्हणजे काम झाले, असे नसे. हुकूम एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाई, आणि जो तो कारकून त्याच्या पाठीवर नोंद करी: मिळाला, दप्तरी चढवला, नक्कल धाडली, रक्कम वळती केली. तोंडावर राजाची इच्छा, पाठीवर कारकुनांची करणी! माफी खरोखर मिळाली की नाही, हे तोंड कधीच सांगणार नव्हते. सांगणार होती ती पाठ, आणि पाठीवर मांजरपाट.

तो काढण्याची परवानगी मागायला बाई तडक कचेरीच्या साहेबांकडे गेल्या. साहेब मनाने वाईट नव्हते; फक्त ताकही फुंकून पिणाऱ्यांपैकी होते.

"बाई, ती काजळाची शाई आहे," साहेब म्हणाले. "पाणी लागलं की गेली."

"मग पाणी लावायचंच नाही. ओल द्यायची."

"तो फरक तुम्हांला कळतो. उद्या कागदाचं काही झालं तर वरचे मला विचारतील, कागदाला नाही विचारणार."

"आणि असाच गेला तळघरात, तर कोण विचारणार?"

साहेबांनी टेबलावरचा काचेचा गोळा इकडून तिकडे ठेवला. "असं करा. ज्यानं कापड चिकटवलं, त्यानं इथं उभं राहून सांगावं की हे निघतं. मग एक हुकूम उघडून बघा. साधला तर बाकीचे गाडीत चढवत नाही. नाही साधला तर सगळे जातील, आणि हा विषय मिटला."

"तो माणूस म्हणजे माझे सासरे."

"मग तर सोपंच झालं."

"साहेब," बाई उठत म्हणाल्या, "तुमचं लग्न झालंय ना?"

बाईंचे सासरे म्हणजे त्याच कचेरीतील जुने कागददुरुस्ते. मैद्याची खळ शिजवून त्यांनी आयुष्यभर फाटके कागद सांधले, म्हणून त्यांचे नाव पडले खळनाना. निवृत्त होऊन जमाना लोटला तरी वर्तमानपत्राची घडी त्यांनी घालावी आणि इतरांनी ती मोडायला भ्यावे, असा तो हात. हल्ली मात्र हाताला कंप सुटला होता. जिभेला सुटला नव्हता.

त्या संध्याकाळी बाईंनी चहाचा पेला त्यांच्यापुढे ठेवला. "मामंजी, एक विचारू?"

"विचारू का म्हणून विचारतेस, त्याअर्थी मागायचं आहे. बोल."

"पुराच्या हुकुमांमागचं तुमचं कापड काढायचंय."

वर्तमानपत्र सावकाश खाली आले. "त्यापेक्षा माझ्या पाठीची सालटी काढ. सोपं जाईल."

बाईंचे यजमान चष्म्याचे दुकानदार होते आणि घरात शक्यतो तटस्थ असत. आज चुकून त्यांच्या तोंडून निघाले, "बाबा, ती काय म्हणते ते ऐकून तरी घ्या."

"तू गप रे! दोन काचा एका चौकटीत बसवल्या की झाला हा कारागीर." मग सुनेकडे वळून ते म्हणाले, "अगं, वाळवीनं चाळण केली होती त्या कागदांची. उचलला की हातात भुगा. सबंध उन्हाळा मी पंखा न लावता बसलो, कपटे उडतील म्हणून! त्या कापडामुळं ते आज उभे आहेत, आणि तू निघालीस कापड फेडायला. द्रौपदी वाटली का तुला?"

"त्यांच्या पाठीवर लिहिलेलं होतं. तुम्हांला दिसलं नाही?"

"दिसलं नाही? मी काय आंधळा होतो? तुझ्याच गुरुजींना दाखवलं. ज्यांनी तुला फारसी शिकवली, त्यांनाच! नाकाला रुमाल लावून म्हणाले, ही कारकुनांची खरड आहे, वाङ्मय पुढच्या बाजूला आहे, खुशाल झाका. झाकलं." नानांनी पेला उचलला आणि पुन्हा ठेवला. "आणि तू गं? इतकी वर्षं ते हुकूम मांडीवर घेऊन बसतेस. पाठीवर काय आहे म्हणून एकदा तरी विचारलंस मला? एका घरात राहतो आपण."

यावर दुसरी एखादी सून रडली असती किंवा भांडली असती. फारसीबाई म्हणाल्या, "नाही विचारलं. तोंडच इतकं देखणं होतं की पाठ बघायचं सुचलं नाही. गुरुजी चुकले, मी चुकले, तुम्ही चुकलात."

"माझी कसली चूक?"

"बरं, दोघं चुकलो."

यजमानांना हसू फुटले आणि ते चहात लपवता लपवता ठसका लागला. नाना मात्र हसले नाहीत. बाईंनी ओळखले की मिनतवारीने हा डोंगर हलणार नाही, आणि स्तुतीने तर मुळीच नाही. त्यांनी दुसरी वाट धरली.

"राहू दे मग. जाऊ देत तळघरात. पुढं कधीतरी कुणाला तरी पाठीवरच्या सावल्या दिसतीलच. तो उघडायला बघेल. तुमची खळ कशी होती हे त्याला ठाऊक नसेल. कातड्याचा सरस समजून सरळ ऊन पाणी ओतेल."

नानांचा चेहरा पालटला. "ऊन पाणी? अगं, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेली खळ ती! ऊन पाण्यानं डाग पसरतील, शाई तर जाईलच जाईल. कोण गाढव ओततंय ऊन पाणी?"

"मला काय माहीत कोण? मी नसेन, तुम्ही नसाल."

यजमानांनी उगाचच आपला चष्मा पुसला. अखेर नाना उठले, भिंतीवर टांगलेला देशाचा जुना नकाशा त्यांनी उतरवला आणि टेबलावर पालथा घातला. त्याही नकाशाला त्यांच्याच हातचा मांजरपाट होता.

"माझा हात लागणार नाही. थरथरतो. काढायचं तू," ते म्हणाले. "आधी ह्याच्यावर हात बसव. आणि मी थांब म्हटलं की थांबायचं. मध्येच आपली फारसी पाजळायची नाही."

बाईंनी टिपकागद भिजवला, पिळला, कापडावर अंथरला आणि वर काच ठेवली. वेळ होताच कोपरा धरून वर ओढला, तो कापडाबरोबर कागदाचा एक पदरही सोलून निघाला.

"गेलं! समुद्रकिनारा गेला!" नाना ओरडले. "वर काय ओढतेस? कांदा सोलतेस का? मागं दुमड. कापडानं स्वतःच्याच पाठीवर झोपत झोपत मागं जायला हवं. कागदाला कळताही कामा नये."

दुसरा कोपरा बरा निघाला. तिसरा त्याहून बरा. उत्तरेचे डोंगर सुटेपर्यंत बाईंच्या बोटांना ती गोष्ट उमगली: खळ भिजून फुगते, मऊ होते, आणि एका ठरावीक क्षणी आपणहून पकड सोडते. त्या आधी ओढले तर फाटते, नंतर ओढले तर शेंबडासारखे पसरते. यजमान म्हणाले, "नकाशा गेला, पण देश आला." तेव्हा मात्र नानासुद्धा हसले.

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या दुरुस्तीच्या खोलीत साहेब, नाना आणि बाई एका रुंद टेबलाभोवती जमले. नानांनी साहेबांसमोर उभे राहून छाती काढून सांगितले, "मी चिकटवलं आहे आणि हे निघतं." साहेबांनी ते लिहून घेतले, नानांनी थरथरत्या हाताने सही केली. मग लोकरीच्या कापडावर गुळगुळीत कागद आणि त्यावर हुकूम पालथा निजवण्यात आला.

काम सुरळीत चालले. कोपरा सुटला. बाईंनी कापड मागे दुमडत नेले. खाली पिवळसर पाठ उघडी होऊ लागली, आणि तिच्यावर अक्षरे! बाईंनी बोटांची चाल बदलली नाही. एक ओळ दिसली, दुसरी दिसली. तिसरी मात्र अर्धीच दिसली.

"थांब!" नाना म्हणाले.

बाई थांबल्या. कापडाच्या आतल्या अंगावर काळी रेघ होती. काजळाची शाई ओलीने सैल होऊन अर्धी कागदावर राहिली होती आणि अर्धी मांजरपाटाबरोबर निघून आली होती.

साहेबांचा चेहरा पडला. "बघा, मी म्हटलं होतं! बंद करा. आहे तसं परत चिकटवा."

बाईंनी मान न वळवता विचारले, "मामंजी, आता परत टेकवलं तर?"

"तर दोन्हीकडचं जाईल," नाना म्हणाले. "सुरूच केलं नसतंस तर गोष्ट वेगळी. आता मध्ये थांबायचं नाही. शेवटापर्यंत जा, आणि एका चालीनं जा. घाई नको, पण दमही खाऊ नको."

"साहेब, मी पुढं जातेय," बाई म्हणाल्या. त्यात परवानगी मागितल्याचा सूर नव्हता. साहेबांनी एकदा दाराकडे पाहिले, एकदा नानांच्या सहीकडे पाहिले, आणि मान हलवली.

तेव्हापासून त्या खोलीत कुणी बोलले असेल तर फक्त नाना, आणि तेही एकेका शब्दाने. डावीकडं. सैल. हं. असंच. मग चकतीसारखा शिक्का आला. तो अखंड कागदावरच राहिला. शेवटचा काठ सुटला आणि सबंध मांजरपाट बाईंच्या हातात उतरला. हुकूम टेबलावर पालथा, उघडा, एकही चीर न पडलेला.

नाना खुर्चीत बसले. मग आयुष्यभराच्या सवयीने त्यांनी ओले कापड उचलले, गुंडाळले, आणि खालच्या बादलीकडे हात नेला.

"मामंजी!" बाई इतक्या मोठ्याने ओरडल्या की साहेब दोन पावले मागे सरले. "टाकू नका! अर्धं लिखाण त्यात आहे!"

"त्यात? ते उलटं उमटलंय."

"उलटं सुलटं करता येतं. गेलेलं परत आणता येत नाही. द्या इकडं. साहेब, आरसा मिळेल?"

कचेरीत आरसा एकच होता, हात धुण्याच्या जागेवर खिळलेला. कुणाला सांगून आणवेपर्यंत धीर न निघाल्याने साहेबांनी तो स्वतःच भिंतीवरून उचकटून आणला. गिलाव्याचा तुकडाही बरोबर आला. नानांनी मांजरपाट काचेवर ताणून बसवला, आरसा समोर उभा केला, आणि बाई वाचू लागल्या. एक शब्द कागदावरून, एक आरशातून. अर्धे अक्षर इकडे, अर्धे तिकडे. जणू भांडून वेगळे झालेले दोन भाऊ जमिनीची हद्द सांगायला एकत्र आले होते.

"मिळाला. दप्तरी चढवला," बाई वाचत होत्या. "जिल्ह्याच्या अंमलदाराकडे नक्कल धाडली. इथं दुसरा हात. जिल्ह्यात पोचला." मग त्या थांबल्या. आरसा त्यांनी जरा कलता केला.

"काय झालं?" साहेब म्हणाले. "माफी दिली का नाही?"

बाईंनी सावकाश वाचले: "हुकूम पोचण्याआधी या सालचा सारा वसूल होऊन कोठारात जमा झाला आहे. सबब माफी पुढील सालच्या साऱ्यातून वजा धरावी." त्याखाली, निराळ्या शाईत, पुढल्या सालची एक तोकडी ओळ होती, आणि तिच्या शेजारी तो अखंड शिक्का. "वजा धरली."

साहेबांनी टाळीसाठी हात उचलला, परंतु बाईंचा चेहरा पाहून तो तसाच राहिला.

माफी खरी होती. इतिहासकार चुकले होते. परंतु पुराच्या साली, घरात गाळ असताना, त्या गावाने सारा भरला होता. जे काही वाचले होते ते पाठीवर घेऊन माणसे कोठारापर्यंत गेली होती, आणि दया वर्षभराने पोचली होती. म्हणजे बाईही चुकल्या होत्या. त्यांनी लिहिलेले ते ठाम, सुंदर प्रकरण आता जसेच्या तसे उभे राहणार नव्हते.

"भरला त्यांनी," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "त्याही साली भरला."

नाना सुनेकडे वळले. सांत्वन करणे हा त्यांचा धंदा नव्हता. "मग, प्रकरण फाटलं का तुझं?"

"फाटलं."

"सांधता येईल?"

"सांधायचं नाही, मामंजी. नवंच लिहायचं. आतापर्यंत सगळे भांडत होतो, माफी दिली की नाही. कुणी असं विचारलंच नाही की कधी पोचली. प्रत्येक गावाच्या हुकुमावर ती तारीख असणार. नदीपासून कचेरीपर्यंत आणि कचेरीपासून नदीपर्यंत कागद किती दिवस चालला, हे आता गावागणिक काढता येईल." बोलता बोलता आवाज पुन्हा खणखणीत झाला. "पण त्यासाठी सगळ्या पाठी उघडायला हव्यात. साहेब?"

साहेब आरसा दोन्ही हातांत धरून उभे होते, आणि त्यात त्यांना स्वतःचेच काळजीत पडलेले तोंड दिसत होते. त्यांनी तो हळूच भिंतीला टेकवला, टेलिफोन जवळ ओढला, आणि गाडीवाल्यांना कळवले की पुराचे हुकूम या खेपेस निघणार नाहीत, बाकीचे न्यावेत. पलीकडून कारण विचारले गेले असावे, कारण साहेब म्हणाले, "काम चालू आहे. हो, माझ्या जबाबदारीवर." हे शब्द त्यांनी नोकरीत प्रथमच उच्चारले, असे पुढे ते स्वतःच सांगत असत.

मग त्यांनी नोंदवही उघडली. हुकुमाचा क्रमांक होताच. आता मांजरपाटालाही वेगळा क्रमांक देणे भाग होते, कारण अर्धा दस्तऐवज त्याच्यावर होता. "कापड, सुती, एका बाजूस लेखन," साहेब लिहीत होते. "हे कुणी केलं म्हणून लिहू?"

"माझं नाव घाला," नाना म्हणाले. "पन्नास कागद वाचवले तेव्हा कुणी घातलं नव्हतं."

साहेबांनी घातले. नानांनी वही आपल्याकडे फिरवून ते नीट वाचले आणि परत सरकवली.

बाईंनी तोवर उघडा हुकूम कोरड्या टिपकागदांमध्ये निजवला होता आणि दुसरा टेबलावर आणून पालथा घातला होता. बाह्या सावरून त्या खाली वाकल्या.

"थांब," नाना म्हणाले. खुर्ची त्यांनी टेबलाला भिडवली. "मघाशी ओल जास्त झाली. चूक माझी, मीच तेवढी सांगितली. या खेपेस टिपकागद आणखी पिळून घे. आणखी. अगं, पाहुण्यांचे कपडे पिळतेस का? घरचे पिळतेस तसा पीळ!"

बाईंनी पिळला.

येथे ही हकीकत संपूर्ण होते. ती मला त्या कचेरीच्या दारावर बसल्या बसल्या, येता जाता आणि पुढे खुद्द बाईंच्या तोंडून जशी कळली, तशी लिहिली आहे. शिक्षण अपुरे असल्याने शब्द कमीअधिक पडले असतील. जे उणे ते माझे, जे चांगले ते त्या तिघांचे. आपण आपला मोलाचा वेळ खर्चून येथवर वाचलेत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
भाऊ पहारेकरी